लग्न झालेलं नाही, हे लिहून आणायला: उधना ते अमळनेर

साखरपुड्याला हार घालू नका. घातलेच तर तो फोटो परदेशी वकिलातीत देऊ नका. माझ्यासारखं बाहेरच्या देशात जाऊन लग्न करायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे आधीच सांगून ठेवते.

मी सुरतेतल्या डिंडोलीची. कडोदऱ्याच्या एका कारखान्यात साड्यांच्या भरतकामाची डिझाइनं काढते. निखिल लहानपणीच आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेला आणि आता तिथलाच नागरिक आहे. तिथं जाऊन लग्न करायचं तर होणाऱ्या बायकोसाठी वेगळा व्हिसा असतो. जन्मदाखला, पोलिसांचा दाखला, वैद्यकीय तपासणी, दोघं प्रत्यक्ष भेटल्याचे पुरावे, हे सगळं लागतं. मोठी अट एकच. लग्न आधी झालेलं नसावं आणि तिकडे पोचल्यावर नव्वद दिवसांत व्हावं.

भेटल्याचा पुरावा म्हणून मी मोठ्या हौसेनं साखरपुड्याचा फोटो जोडला. मांडव, गळ्यात हार, डोक्यावर पदर, कपाळभर कुंकू, मागे दीडशे पाहुणे आणि मधोमध हातात अक्षता घेतलेले दगडूआबा. मुंबईच्या मुलाखतीत काचेपलीकडच्या बाईंनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, लग्न झालेलंच दिसतंय, मग हा व्हिसा कशाला? हातात एक चिठ्ठी मिळाली. हा विधी लग्नाचा नव्हता, याचा पुरावा द्या.

तो दिला नाही तर हा व्हिसा जाणार. बायको म्हणून अर्ज करावा तर लग्नाचा दाखला कुठून आणू? सुरतेच्या वकिलांनी उपाय सांगितला. विधी ज्यांच्या हातून झाला, त्यांचं प्रतिज्ञापत्र आणा. म्हणजे आबांचं. आबा पप्पांचे चुलते, आमच्या भाऊकीत सगळ्यात थोरले, मुक्काम अमळनेरजवळचं आमचं गाव.

पप्पांनी सुरतेजवळच्या सचिन गावातल्या लूम कारखान्यातून दोन दिवसांची सुट्टी काढली. डिंडोलीकरांना उधना स्टेशन जवळ पडतं, सकाळची भुसावळकडची गाडी तिथूनच पकडा. खिडकी हवी असेल तर अर्धा तास आधी जा, कारण अर्धा खानदेश याच गाडीनं माहेरी जातो. तिकीट स्वस्त, नाश्त्याला सुरती लोचो घरून बांधून घेतलेला. व्यारा सोडल्यावर डोंगर, सागाची झाडं. मग नवापूर, जिथं एकाच स्टेशनात अर्धा फलाट गुजरातचा आणि अर्धा महाराष्ट्राचा. लोक बाकावर बसून दोन राज्यांत पाय पसरत होते, कुणी कागद मागत नव्हतं. मला उगाचच हेवा वाटला.

नंदुरबार आल्यावर पप्पा म्हणाले, "आबांना तू सांग. माझी हिंमत नाही."

"तुम्ही लूम मास्तर ना? चाळीस माणसं सांभाळता."

"ती माणसं माझे काका नाहीत."

अमळनेरला उतरून स्टँडाजवळ शेवभाजी खाल्ली. तिखट कमी सांगा, तरी तिखटच येते. पुढे अ‍ॅपे रिक्षानं अर्धा तास. घरी आबांच्या सुनेनं, म्हणजे माझ्या काकूंनी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत केलेलं होतं, म्हणजे दुसरं जेवण टळणार नव्हतं. जेवता जेवता मी आबांना कागद वाचून दाखवला. आबांनी घास खाली ठेवला.

"सुपारी फुटनी, कुंकू लागनं," ते म्हणाले. "आते लगीन व्हयनं नही आसं कसं लिखी देऊ? सोयरीक मोडासारखं व्हयी ते."

पप्पा पाण्याच्या तांब्याकडे बघत बसले. मला रडू यायला लागलं होतं, आणि रागही. आबांच्या लेखी दिलेला शब्द म्हणजे लग्नच. ते खोटारडेपणा करत नव्हते, उलट खरं बोलायचं म्हणूनच अडून बसले होते. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? मी रात्रभर वकिलातीच्या बाईंना आणि आबांना एकाच खोलीत बसवून मनात वाद घालत होते.

सकाळी ते ओट्यावर दात घासत होते. मी समोर बसले.

"आबा, मला हळद लागली का?"

"नही."

"देव बसले? हळकुंड फुटलं?"

"नही ना बाई."

"मग हळदीशिवाय आपल्यात कुणाचं लग्न झालेलं तुम्ही पाहिलंय का?"

आबांनी चूळ भरली. "तठे हयद भेटस का?"

"भेटते, अमेरिकेतही. पुडीत."

"पुडीमा," आबा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. "चाल, मंग लिखू."

तालुक्याला नोटरीसमोर त्यांनी आपल्या शब्दांत सांगितलं: हळद लागलेली नाही, म्हणून लग्न झालेलं नाही. वकिलांच्या मसुद्यातलं एकही वाक्य त्यांनी ठेवू दिलं नाही. (मसुदा न्या, पण वडीलधाऱ्यांना त्यांच्या भाषेत बोलू द्या. खाली इंग्रजी भाषांतर जोडता येतं.) सहीनंतर त्यांनी काकूंकडून रुमालात बांधून आणलेलं एक हळकुंड माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "तठेच फोडजो."

परतीच्या गाडीत पप्पा नवापूरपर्यंत घोरत होते.

कागद पाठवले. काही आठवड्यांनी पासपोर्ट घरी आला, आत व्हिसा चिकटवलेला. आई आनंदानं रडली आणि लगेच म्हणाली, जाण्याआधी इथं गल्लीत हळद करून घेऊ, चार बायका बोलावू. मी नाही म्हणाले. तिला वाईट वाटलं, मलाही वाटलं. या गल्लीत मी सगळ्यांच्या हळदीला नाचले आहे. पण आबांनी आयुष्यात सरकारी कागदावर एकच गोष्ट लिहून दिली आहे, आणि मी विमानात बसेपर्यंत ती खरी राहायला हवी.

काल बॅग भरली. कपड्यांच्या घडीत हळकुंड ठेवलं. बॅगेचं वजन जास्त का भरतंय म्हणून बघितलं, तर आईनं न सांगता खाली खलबत्ता ठेवला होता.