मास्तरांचा शब्द

रिंगणावर सगळे त्यांना मास्तर म्हणत. घोडेस्वारी शिकायला आलेल्या नवख्याला ते पहिल्या दिवशी घोडीवर बसूच देत नसत. आधी शब्द. "ही आयाळ, ओढायची नाही. हे खोगीर. ते बांधायला पोटाखालून जातो तो पट्टा म्हणजे तंग. ही रिकीब. पाऊल अर्धंच घालायचं, नाहीतर पडलात की फरफटत जाल. आणि लगाम हलक्या हाताने, रस्सीखेच नाही चाललीये!" शिकणारे जांभया देत. घोडी मात्र कान टवकारून ऐके. वर्षानुवर्षं तोच धडा ऐकून ती इतकी तयार झाली होती, की मास्तरांनी 'दुडकी' म्हणायचा अवकाश, टाच लागायच्या आत ती ठेक्यात पळू लागे.

"चार घास खा आणि मग जा सवतीकडे," मास्तरांची बायको म्हणे. पण सवतीसाठी पिशवीत गाजरं तीच टाकी.

मग मालकिणीने रिंगण बंद करायचं ठरवलं. बाकीचे घोडे विकले गेले. "हिचं वय झालंय," ती मास्तरांना म्हणाली. "आज येणारं गिऱ्हाईक नको म्हणालं, तर तुमच्याकडेच ठेवा. मागचा तबेला देते." मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उभी असली की घोडी अगदी मलूल दिसायची. तिला चालवून दाखवायचंच नाही, एवढं त्यांनी पक्कं केलं. कोण घेतंय मग?

गिऱ्हाईक म्हणजे एक भले गृहस्थ होते. लेकीसाठी घोडी हवी होती, पण स्वतः जन्मात घोड्याला हात लावलेला नव्हता. घोडीकडे पाहून त्यांनी तोंड वाकडं केलं. जाता जाता सहज विचारलं, "हा बेल्ट कशाला?"

"बेल्ट तुमच्या पँटला. याला तंग म्हणतात."

झालं! विचारणारा भेटला की मास्तरांना राहवतंय थोडंच? गृहस्थही मन लावून ऐकू लागले. "म्हणजे घोडा एक तर चालतो, नाहीतर पळतो. बरोबर?"

"छे हो! मध्ये दुडकी असते ना!"

शब्द सुटला. घोडी निघाली. मान उचलून, आयाळ उडवत तिने अख्ख्या रिंगणाला फेरी मारली. मास्तरांना जीभ चावून टाकावीशी वाटली. त्यांनी घाईने "थांब" म्हटलं, तर तीही जागच्या जागी थांबली.

"बोललेलं सगळं कळतं हिला!" गृहस्थ हरखून गेले. "हीच द्या."

ट्रक आला. घोडी फळीवर पाय ठेवेना. मास्तर पाठ फिरवून उभे होते. मनात म्हणत होते, नको चढूस बाई, अशीच अडून राहा. ड्रायव्हरने काठी उचलली. पहिला फटका ऐकून मास्तर वळले, त्याच्या हातातली काठी हिसकावून घेतली आणि घोडीच्या मानेला गाल लावला. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते. मग हळूच म्हणाले, "चल."

ती मुकाट्याने चढली.

घरी बायको दारातच होती. तिचेही डोळे सुजले होते. "एवढी हट्टी ती," ती म्हणाली, "गेली कशी हो?"

"मी सांगितलं म्हणून," मास्तर म्हणाले आणि उंबऱ्यातच मटकन बसले.