जीपची पुढची सीट

नव्वदच्या दशकात बाबांनी सरकारी लिलावातून एक जुनी जीप घेतली. ते साखऱ्याच्या शाळेत मास्तर होते. पावसाळ्यात आमच्या वावरापर्यंत दुसरं कुठलं वाहन पोचत नाही, असं कारण त्यांनी सांगितलं. खरं कारण म्हणजे त्यांना जीप हवी होती. काळ्या चिखलात ती रुतली की ते चाकांना दोर गुंडाळायचे आणि बाहेर निघाल्यावर चिखलाकडे मोठ्या तुच्छतेने बघायचे.

जीप घरी आली आणि तिच्यात काय काय कमी आहे ते बाबांना दिसू लागलं. हिंगोलीहून दर खेपेला काहीतरी यायचं. पुढे लोखंडी गार्ड, वर कॅरिअर, दोन फोकस लाइट, काचेला गोंड्यांची झालर. हॉर्न तर असा, की तो वाजला की बकऱ्या रस्ता सोडायच्या आणि माणसं घराबाहेर यायची. ड्रायव्हरशेजारच्या सीटला लाल मखमली कव्हर, त्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक. ती सीट पाहुण्यांची. पाहुणे नसले की ती रिकामी जायची, आणि आम्ही मागे खताच्या पोत्यांवर.

आई एकदाच बसली. मागे, एका जागी न बसणाऱ्या बकरीशेजारी. त्यानंतर ती जीपमध्ये चढली नाही. बाजारला एष्टीने जायची, फाट्यावर उतरायची आणि चपला हातात घेऊन चिखलातून गावापर्यंत चालत यायची. मागून बाबांची जीप पहिल्या गिअरमध्ये. तिच्यात मी.

"बस की," बाबा म्हणायचे.

"आलं की गाव," आई म्हणायची. गाव तीन शेतं लांब असायचं.

हे सगळ्या गावाला दिसत होतं, आणि बाबांना ते फार लागत होतं. एवढी हौसेने सजवलेली जीप, आणि घरची बाईच तिच्यापुढे पायी चाललेली. मागची सीट टोचत असेल म्हणून त्यांनी जाड गादी शिवून घेतली. पाय पोचत नसेल म्हणून वेल्डरकडून पायरी लावून घेतली. ऊन लागत असेल म्हणून पडदे आले. आईने पडदे धुऊन दिले.

शेवटी बाबांनी मला गाठलं. "तुझ्या आईला काय तकलीफ हाय, इचार बरं."

मी विचारलं. आई गहू निवडत होती.

"म्होरं कोन बसतं?"

"पाव्हणे."

"आन् पाव्हणे नसले तर?"

"कोनीच न्हाई."

"मंग काहून इचारू राहिली?" आई म्हणाली आणि सुपातले गहू पाखडू लागली.

मी हे जसंच्या तसं बाबांना सांगितलं. मला बाबांचा राग आला होता, त्यामुळे जरा मोठ्यानेच सांगितलं. आमच्याकडे नवरा पुढे चालायचा, बायको दहा पावलं मागे. शेजारी कोणी चालत नसे, तर बसणार कुठून?

"बायकूला शेजारी घेऊन पारापुढून जाऊ?" ते म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

"आत्ता काय म्हनतात?" मी विचारलं.

पुढच्या बाजारच्या दिवशी बाबा मला घेऊन फाट्यावर गेले. एष्टीतून आई उतरली, तिने चपला काढल्या. बाबा खाली उतरले, त्यांनी सीटवरचं प्लास्टिक ओढून काढलं, घडी करून माझ्याकडे मागे दिलं. आईने चपला पुन्हा पायात घातल्या आणि ती पुढे बसली.

पारावर माणसं होतीच. त्या दिवशी बाबांनी हॉर्न वाजवला नाही. तरी एका म्हाताऱ्याने हटकलंच, "मास्तर, कुठले पाव्हणे म्हनायचे?"

"घरचेच हायत," बाबा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. आई सरळ समोर बघत होती, पदर नीट करत.

दारात जीप थांबली. मी पिशव्या घेऊन उतरले. आई उतरेना.

"आलं की घर," बाबा म्हणाले.

"घर रोजच हाय," आई म्हणाली. "वावराकडं घ्या. पारावरूनच घ्या."

त्या संध्याकाळी भाकरी मी थापल्या. ते दोघं अंधार पडल्यावर आले, फोकस लाइट लावून.