अर्धा कोयता

‘दुष्काळाच्या साली साहेब मजुरांच्या खांद्याला खांदा लावून ऊस तोडत होते. त्या कष्टात त्यांनी दोन बोटे गमावली. टोळीतील एका बाईने त्यांच्यावर नसता आळ घेतला, तेव्हाही त्यांनी तिला मोठ्या मनाने क्षमा केली.’

साहेबांच्या गौरव अंकातील, पान अकरावरील ही तीन वाक्ये. तिन्ही खोटी. ती बाई माझी थोरली बहीण. तिला क्षमा करण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला?

तेव्हा ते साहेब नव्हते, आमच्या टोळीचे मुकादम होते. आमचे गाव मुखेडच्या पलीकडे, लातूरच्या अंगाला. विहिरी आटल्या आणि आमचा बौद्धवाडा दारांना कुलपे लावून ऊसतोडीला निघाला. नवऱ्याने टाकलेली आक्काही निघाली. पण उसाच्या फडात एकट्या बाईला कोणी मोजत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा. म्हणून मी, तिच्या विशीतल्या धाकट्या भावाने, उरलेला अर्धा म्हणून स्वतःचे नाव दिले.

पहिल्याच सकाळी हजेरी लिहिता लिहिता मुकादमांनी मला सगळ्यांसमोर उभे केले.

“भावाबहिणीचा कोयता असतोय व्हय रे? ऱ्हायला कोपी तर एकच मिळंल. मंग आमी काय समजावं?”

टोळी हसली. आमच्याच वाड्यातली माणसे हसली. मी मान खाली घातली.

आक्का तेवढी बोलली. “मुकादम, तुमाला बहीण न्हाई का?”

त्याची शिक्षा लगेच मिळाली. मला ट्रक भरायला धाडले. आक्काला पाचटाची वेगळी कोपी दिली, मुकादमांच्या राहुटीला लागून. गावी तिच्याकडे वाकडे पाहायला लोक दहा घरांना भीत. इथे तिला ना गल्ली, ना भावकी. परगावी कामाला आलेल्या बाईचे अंगही कामातच धरलेले, असा तिथला समज होता.

आठवड्याने आक्का तापाने पडली. भर दुपारी मी पाणी घेऊन गेलो, तर मुकादम कोपीतून बाहेर येत होते. हाताला धोतराचा सोगा गुंडाळलेला. लाल झालेला. आत आक्का कोयता घेऊन उभी.

“दोनदा न्हाई म्हनले,” ती म्हणाली. “तिसऱ्यांदा हात घातला.”

मुकादम माझ्याकडे वळले. “ऊस तोडताना लागलंय मला. काय रे?”

“हाव, मुकादम,” मी म्हणालो. फडकेही मीच बांधले.

माझा खरा अपमान तो. तो माझा मीच केला. पान अकराचा पहिला साक्षीदार मी आहे.

त्याच दिवशी आम्ही फड सोडला. मुखेडच्या स्टँडवर उतरल्यावर आक्का म्हणाली, “भाऊ, तिथं तू हाव म्हनलास. आता जल्मभर न्हाई म्हण.”

तेव्हापासून म्हणतो आहे. आक्काने गावात घडले ते सांगितले, तर पंचांनी उलट तिलाच मुकादमांची माफी मागायला सांगितले. मी भर बैठकीत न्हाई म्हणालो. लातूर नवा जिल्हा झाला, मुकादमाचे साहेब झाले, त्यांनी मला शिपायाची नोकरी देऊ केली. न्हाई म्हणालो.

आक्का धर्माबादला मिरचीचे देठ खुडायला गेली. एकटी. तिथे तिला कोणी अर्धी म्हटले नाही. तिथल्याच एका माणसाने लग्नाचे विचारले. वर्षभर त्याला जोखून तिने स्वतः होकार दिला. गावाने त्यालाही नावे ठेवली.

“न्हाई माजी व्हती,” ती म्हणाली, “तर हावबी माजीच.”

आक्का आता नाही. म्हणूनच तर त्यांना हे छापायचे धाडस झाले.

गौरव समितीवाले मला समजावतात, “बाबा, वय झालं तुमचं. इसरला असताल.” मी काही विसरलेलो नाही. येत्या सत्काराला मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि हारतुरे चालू असताना उठणार आहे. लांब भाषण करणार नाही. ज्याने एक दिवस तरी ऊस तोडला आहे, त्याला एवढे पुरे: ऊस डाव्या हातात धरतात, कोयता उजव्या हाताने चालवतात, घाव चुकला तर डावा हात जातो. साहेब तेव्हा हजेरी उजव्या हाताने लिहीत, अख्ख्या टोळीने पाहिले आहे. अंकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा हात जोडलेला फोटो आहे.

तुटलेली दोन्ही बोटे उजव्या हाताची आहेत.