बसत न्हाय, मास्तर

कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी ते तिच्याजवळ उलटा हात धरायचे. चहाचा कप असो, दाराची कडी असो, भडंगाचा पुडा असो. हाताची पाठ जवळ न्यायची, क्षणभर थांबायचं, मग वस्तू उचलायची. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांत, उभं आयुष्य काढलेल्या माणसाची ही सवय. लाल लोखंडाला सगळेच भितात, ते म्हणायचे, माणसाला फसवतं ते काळं पडलेलं लोखंड. एकदा त्यांनी माझ्या नव्या शब्दकोशाजवळही तसाच हात धरला, तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही.

"अहो, पुस्तक आहे ते."

"तुमच्या टेबलावरचं हाय न्हवं? मग विचारून उचललेलं बरं."

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. त्याच्यावर रागवायचं नाही असं ठरवून तुम्ही घरातून निघता, आणि दुपारच्या आत तुमचा निश्चय मोडलेला असतो. माझ्या वाट्याला हा माणूस बरीच वर्षं आला. उद्यमनगरात खाली लेथ चालणाऱ्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर, एक खोली आम्ही दोघांनी मिळून घेतली होती. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी मुद्रितं तपासायचं काम करत असे. माझं टेबल खिडकीपाशी. भिंतीकडच्या टेबलावर ते आणि त्यांचा संगणक.

हा संगणक साधा नव्हता. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, कुठून आधी गार होईल, कुठून शेवटी, हे तो आधीच चित्रात दाखवायचा. लोखंड गार होताना आकसतं. जो भाग सगळ्यांत शेवटी गार होतो त्याला भर घालायला शेजारी काही उरत नाही, आणि तिथे आतल्या आत पोकळी राहते. ती टाळायला त्या जागी लोखंडाचा एक जादा गोळा जोडतात. त्याला रायझर म्हणतात. गोळा कुठे जोडायचा, हे सांगणं हा त्यांचा व्यवसाय. एवढं मला त्यांच्या शेजारी बसून बसून कळलं. याहून जास्त कळावं अशी माझी कधी इच्छा नव्हती.

त्या उन्हाळ्यात शिरोलीची एक फौंड्रीवाली बाई आमच्या खोलीत येऊ लागली. तिचे वडील आणि हे जुने दोस्त. वडील गेल्यावर भट्टी तिने हातात घेतली होती. चाळिशीची, खणखणीत आवाजाची, आणि अनेक कोल्हापुरी बायकांसारखी स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असं बोलणारी. तिच्याकडे पंपाचं एक अंग ओतलं जायचं. त्याच्या आत पोकळी निघत होती. गिऱ्हाइकाने सगळा माल परत पाठवला होता आणि शेवटचा एक नमुना मागितला होता. तो नापास झाला तर काम दुसरीकडे जाणार, आणि त्या एका कामावरच तिची भट्टी पेटत होती.

"काका, तुम्ही सांगितल्याशिवाय मी ओतत न्हाय," तिने पहिल्याच दिवशी सांगितलं.

"सांगतो की. घाई करू नगंस. घाईनं तडा जातो."

अडचण अशी, की हे गणित करायला संगणकाला बरेच तास लागत. त्यांनी नुकताच ताकदीचा नवा प्रोसेसर बसवून घेतला होता आणि त्याच्यावर गार करायचा पंखा मात्र जुनाच, तळहाताएवढा ठेवला होता. गणित अर्ध्यावर आलं की प्रोसेसर तापायचा आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी सरळ बंद पडायचा. पडदा काळा. ते मिसळ खाऊन यायचे, काळ्या पडद्याकडे बघायचे, "हं. गेलं," म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. चिडायचे नाहीत. त्यांच्या वाट्याचं चिडणंही मलाच करावं लागे.

मग त्यांनी संगणकाचं झाकण काढून शेजारी टेबलफॅन लावला. त्याने प्रोसेसर गार झाला नाही, माझी मुद्रितं मात्र खोलीभर उडाली. शब्दकोश, पेपरवेट, जेवणाचा डबा असं सगळं कागदांवर ठेवून मी काम करत असे. लेथच्या दुकानांतली काळी धूळ फॅनच्या वाऱ्याने थेट संगणकात जायची. शेवटी मीच त्यांना ओढत राजारामपुरीतल्या एका संगणकाच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने प्रोसेसर गार करणाऱ्या कूलरचे दोन प्रकार पुढे ठेवले. एकात बंद नळ्यांमधून पाणी खेळतं आणि उष्णता बाहेर नेतं. दुसरा नुसत्या हवेचा: तांब्याच्या नळ्या, त्यांच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे दोन उंच मनोरे आणि मध्ये पंखा.

"काका, पाण्याचा घ्या. भारी काम देतोय."

"पावणं," ते म्हणाले, "तुम्ही कधी भट्टीजवळ उभारलाय?"

"न्हाय."

"वल्ला भंगार भट्टीत पडला की काय हुतंय, माहीत हाय? छप्पर उडतंय. आन् तुम्ही म्हणताय डब्यात पाणी घाला."

"काका, ही भट्टी न्हाय. प्रोसेसर हाय."

"तापतंय न्हवं? मग भट्टीच की."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुकानाच्या छताकडे बघितलं.

हवेचा तो दुमजली मनोरा मात्र त्यांना आवडला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला, पत्र्यांवरून नख ओढलं, तांब्याच्या नळीवर टिचकी मारली. सुनेसाठी दागिना बघावा तसं बघत होते. "ब्येस केलंय," म्हणाले. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी उंची विचारली, ती कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेतली, मनोरा परत खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "घरी मापून येतो."

खोलीवर आल्यावर त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. ती पट्टी त्यांच्या खिशात कायम असायची, पेनाशेजारी. झिजून गुळगुळीत झालेली, वरची अक्षरं पुसट. प्रोसेसरपासून झाकणापर्यंतची जागा मोजली. पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळले.

"बसत न्हाय, मास्तर."

"अहो, संगणकाच्या डब्याच्या माहितीपत्रकात लिहिलंय की एवढ्या उंचीचा बसतो."

"कागदावर काय, काहीबी छापत्यात. दोन-तीन मिलिमीटर कमी पडतंय."

त्यापुढचे आठवडे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. ते दुकानात जात, दुसरा कूलर बघत, चिठोऱ्यावर उंची आणत, मोजत. उंच होते ते बसत नव्हते, ठेंगणे होते ते त्यांना पसंत नव्हते. "ह्यो म्हंजे खोंडाला कोकराचं दावं," म्हणत. मी माझी शाळेतली प्लास्टिकची पट्टी काढून स्वतः मोजलं. मला तरी जागा पुरत होती. त्यांनी माझी पट्टी उजेडाकडे धरली आणि दयेने परत दिली.

"पोरांची पट्टी हाय. प्लास्टिक उन्हानं वाढतंय. मोजाय लागलं तर पोलाद लागतंय, मास्तर."

मी म्हटलं, झाकण न लावता चालवा. तर धूळ. मी म्हटलं, नवा डबा घ्या. तर चांगला डबा आहे, टाकायचा कशाला. मी म्हटलं, दुकानदाराला इथे बोलवा, त्याला मोजू द्या. तर म्हणाले, "त्यो इकायलाच बसलाय. त्यो बसतंयच म्हणणार." खरं सांगतो, त्या दिवसांत मी दुसरी खोली बघायला सुरुवात केली होती.

बाई येतच होती. आधी गोड बोलून गेली, मग रुसून गेली. एका दुपारी ती आली ती गिऱ्हाइकाचा निरोप घेऊनच आली होती. गिऱ्हाइकाला नमुना त्याच महिन्यात हवा होता, नाहीतर नकोच.

"झालं का, काका?"

"कूलरचं अडलंय, पोरी. घाई केली तर—"

"तडा जातोय, माहीत हाय! तडा माझ्या धंद्याला चाललाय काका, तुमास्नी दिसंना व्हय? उद्या माझी माणसं कुठं जायाची?"

लेथच्या आवाजातही तिचं बोलणं खाली ऐकू गेलं असावं. त्यांचा चेहरा पडला. मग पुरावा दाखवावा तसे ते उठले, उघड्या संगणकाशी वाकले आणि पट्टी लावली. "ह्ये बघ की तूच. मी काय खोटं सांगतोय? तीन मिलिमीटर कमी."

बाई वाकली. तिने जागेकडे बघितलंच नाही. पट्टी त्यांच्या हातातून काढून घेतली, डोळ्यांजवळ नेली, पदराने पुसली आणि कपाळाला हात लावला.

"काका! ही श्रिंकेजची पट्टी हाय की वो!"

वाचकहो, मलाही हे समजावून घ्यावं लागलं. लोखंड गार होताना आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घेतात तो लाकडी नमुना थोडा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून नमुने करणारे एक वेगळीच पट्टी वापरतात. तिच्यावरच्या खुणाच थोड्या लांब लांब आखलेल्या असतात. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा. नमुन्यासाठी ती बरोबर. पण तिने एखादी खरी जागा मोजली, तर जागा आहे त्यापेक्षा कमीच दिसणार. चाळीस वर्षं ती पट्टी खिशात बाळगून या माणसाला दुनियेची मापं त्याच पट्टीने दिसत होती. माझ्या घरच्या कोनाड्यासाठी पुस्तकांच्या मांडणीचं माप त्यांनीच हौसेने घेतलं होतं. सुताराने ती केल्यावर कडेला बोटभर फट का राहिली, हे मला त्या दुपारी कळलं.

त्यांनी पट्टी बाईच्या हातातून घेऊन उजेडाकडे धरली. मग ते इतक्या जोराने हसले, की खोकल्याची उबळ आली. बाई आधी हसली नाही, मग तीही हसली. मी हसलो नाही. माझे कितीतरी आठवडे त्या तीन मिलिमीटरांत गेले होते.

"कंपनी खरं बोलत हुती म्हणायची," ते डोळे पुसत म्हणाले. "चला, मास्तर. राजारामपुरीला."

कूलर बसला. झाकण सहज लागलं. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये एक राखाडी मलम लावायचं असतं. दुकानदाराने वाटाण्याएवढं पुरे म्हणून सांगितलं होतं. हे साच्याला रंग देतात तसं ब्रशने सगळीकडे फासायला निघाले होते. मी ब्रश काढून घेतला. गणित सुरू करून आम्ही दोघे पडद्यावरच्या तापमानाच्या आकड्याकडे बघत बसलो. तापमान चढलं, थोडं डगमगलं आणि एका जागी थांबलं. पहिल्यांदाच थांबलं.

ते मात्र संध्याकाळी घरी पोचले आणि छातीत धरल्यासारखं झालं म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात निघालो होतो, तर त्यांचाच फोन. आवाज बारीक झाला होता.

"हिकडं येऊन काय करताय? खोलीवर जावा. चालू हाय का बंद पडलं?"

मी गेलो. बंद पडलं नव्हतं. गणित पूर्ण झालं होतं. बाईही पोचली. पडद्यावर पंपाचं अंग रंगांत दिसत होतं: कडा निळ्या, आत पिवळं, आणि एके ठिकाणी लाल. मी फोन लावला.

"लाल शेवटी कुठं ऱ्हायलंय?"

"मानेच्या आत. उजव्या बाजूला."

"उजवी कुणाची? तुमची का पंपाची?"

"अहो, पडद्यावरची उजवी."

"मास्तर, पडदा फिरवता येतोय. खालनं बघताय का वरनं?"

मला आता कबूल करायला हरकत नाही, की आजारी माणसावर मी ओरडलो. बाईने फोन माझ्या हातातून घेतला. "काका, पाण्याचं तोंड माझ्याकडं हाय, आन् लाल हाय त्ये पायाच्या बाजूला, मानंला."

त्यांनी तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "व्हय. आपण गोळा वरच्या तोंडाला लावत हुतो. मानंला लाव. आन् गोळा जोडायचं तोंड जरा रुंद ठेव, न्हाईतर ते आधी गोठंल."

एवढंच. यासाठी उन्हाळा गेला होता.

लाकडी नमुना बदलला, साचा भरला, लोखंड ओतलं. मधल्या दिवसांत त्यांचे दोन फोन आले. दोन्ही वेळा त्यांनी तब्येतीचं सोडून नमुन्याचंच विचारलं, आणि मी दोन्ही वेळा तब्येतीचंच विचारत राहिलो, म्हणून आमचं धड बोलणं झालं नाही. आत पोकळी आहे का बघायला ओतलेला नमुना कापायचा होता, त्याच्या आदल्या सकाळी ते गेले.

बाईने कापायचं पुढे ढकललं नाही. मला बोलावून घेतलं. शिरोलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये करवत चालू होती आणि सगळी माणसं हातातलं काम सोडून उभी होती. करवत थांबली. दोन भाग वेगळे झाले. बाई पाठ करून उभी राहिली.

"तुम्ही बघा, मास्तर. मी बघत न्हाय."

मला यातलं काय कळणार? तरी वाकलो. मानेपाशी राखाडी, लखलखीत, सलग लोखंड. बोट फिरवलं. कुठेही अडकलं नाही.

"भरीव आहे," मी म्हटलं.

"नीट बघितलंसा?"

"दोन्ही बाजूंनी."

ती वळली, वाळूत गुडघे टेकून बसली आणि तिनेही बोट फिरवलं. मग त्या तुकड्याकडे बघतच, मोठ्या आवाजात, जणू ते समोर उभे असल्यासारखी भांडू लागली. "एक दिस थांबला असता तर काय बिघडलं असतं, काका? सगळ्याला येळ लावलासा, आन् हितंच तेवढी घाई केलीसा?"

कुणी तिला गप्प केलं नाही. भट्टी तापून तयार होती. भट्टीवरचा मिस्त्री थोडा वेळ थांबला, मग हळूच म्हणाला, "अक्का, लोखंड तयार हाय. वतू का?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि वाळूतून उठली.

"वत," ती म्हणाली.