फॅन पाचवर, तरी आईला वारा नाही

आधीच सांगतो, मी मुखेडला हायस्कूलवर विज्ञान शिकवतो. आमच्या घरात देव्हारा नाही, अंगारा-धुपारा नाही. कुणाच्या अंगात आलंय असं कळलं की बाबा म्हणायचे, त्याला आधी पोटभर जेवू घाला. त्या माणसाचा मी मुलगा. लोकांनी लिहिलेले असले चमत्कारिक अनुभव मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि सगळे हसायचो. आज तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही...

गेल्या मार्चमध्ये बाबांना जाऊन वर्ष झालं. स्मृतिदिनाला आईच्या हातून गावातल्या बुद्धविहाराला एक सीलिंग फॅन द्यायचं ठरलं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. विहारातला प्रत्येक फॅन कुणाच्या तरी आठवणीत दिलेला, आणि पात्यांवर पेंटरकडून नाव लिहून घेतलेलं. गेलेल्या माणसाच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात. मी घाईत पेंटरला चिठ्ठी दिली. वर आईचं नाव, खाली बाबांचं. देणारं कोण आणि गेलेलं कोण, हे लिहायचंच राहिलं. त्यानं आपल्या अंदाजानं वरच्या नावाला 'कालकथित' लावून टाकलं. फॅन हातात आला तेव्हा तिन्ही पात्यांवर — 'कालकथित गयाबाई यांच्या स्मरणार्थ, केरबा यांच्याकडून सप्रेम भेट'.

मी तर गारच पडलो. आई मात्र पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "जित्तेपणी कधी काई आणलं न्हाई तुझ्या बापानं, आता फॅन देऊन रायला." भन्तेजी येऊन बसले होते, पेंटर गावाला गेलेला. फिरत्या फॅनवरचं कोण वाचतंय, म्हणून विहारात तसाच टांगला. नंतर दुरुस्त करू म्हटलं आणि विसरलो.

एप्रिल लागला. आमचं स्लॅबचं घर, दुपारी बारानंतर भट्टीच. पुढच्या खोलीत घरच्या फॅनखाली फरशीवर पाणी शिंपडायचं, सतरंजी टाकायची आणि पडून राहायचं, हा आमचा दरवर्षीचा उन्हाळा. आईची जागा बरोबर फॅनखाली. एका दुपारी ती म्हणाली, "मिलिंद, फॅन लाव की रे." फॅन चालूच होता, पाचवर. मी वर बोट दाखवलं. ती बराच वेळ वर बघत राहिली. "मंग वारा कामून येईना?"

वय झालं, असं मला वाटलं. बीपी तपासलं, रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, पाणी जास्त द्या. मी कंडेन्सर बदलला, फॅन आणखी गरगरायला लागला. तिचं रोज तेच. तिच्या अंगावर पुरळ उठलं, झोप गेली. मी दोन-तीनदा चिडलोसुद्धा तिच्यावर. त्याची लाज अजून वाटते.

मग एके दिवशी तिच्या शेजारीच आडवा झालो. माझा शर्ट फडफडत होता, उशाचा पेपर उडत होता. हातभर अंतरावर आईचा पदर... जागचा हलत नव्हता. तिच्या कपाळावरची पांढरी बटसुद्धा नाही.

मी उठून वहीच्या कागदाच्या दोन पट्ट्या फाडल्या. एक तिच्या हातात दिली, एक माझ्या. माझी नाचत होती. तिची सरळ खाली लोंबत होती. जागा बदलल्या, तरी तेच. पट्ट्या बदलल्या, तरी तेच. सातवीच्या मुलांना मी असेच प्रयोग करून दाखवतो. आईनं ती पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि विचारलं, "काय झालंय रे मला?" "काही नाही," मी म्हटलं.

तिच्या अंगावर ओला टॉवेल टाकला तर तासाभरानंही तेवढाच ओला, आणि गरम. लातूरला बहिणीकडे मोठा कूलर आहे म्हणून तिला एसटीनं नेलं. खिडकीशी बसवलं. गाडीतल्या सगळ्यांचे केस उडत होते, तिचे चापून बसलेले. कूलरपुढं चार दिवस बसूनही उपयोग झाला नाही. सुनीता, माझी बहीण, पुठ्ठा घेऊन वारा घालत रडायची. शेवटी तिनंच विहारातल्या फॅनवरच्या नावाची आठवण काढली. मी तिच्यावर खेकसलो. बाबांची मुलगी असून हे बोलतेस, म्हणालो.

आणि दुसऱ्याच दिवशी मुखेडला येऊन पेंटरला घेऊन विहारात गेलो. शिडी मीच धरली. टर्पेंटाइननं दोन्ही नावं पुसून घेतली, 'कालकथित'पुढं बाबांचं आणि देणारी म्हणून आईचं लिहून घेतलं, तिन्ही पाती दोन-दोनदा वाचली. आपण हे काय करतोय, असं मनात येत होतं, आणि करतही होतो. त्याच संध्याकाळी लातूरला परत गेलो. आईच्या हातात पट्टी दिली. पट्टी लोंबत राहिली.

"मला घरी ने," ती म्हणाली. घरी आणलं. मध्ये दवाखान्यात दोन दिवस सलाइन झालं. डॉक्टरांना पट्टी दाखवायची माझी हिंमत झाली नाही. मे महिन्यात एका दुपारी, तीनच्या सुमारास, तिच्याच जागेवर फॅनखाली आई गेली. अंग तव्यासारखं तापलेलं. मी वारा घालतच होतो. शेवटी तिनं माझा हात धरून खाली केला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. दुखंल."

चिठ्ठीचा याच्याशी संबंध आहे असं मी आजही म्हणत नाही. नसेलच. पण मग कशाशी आहे? मला माहीत नाही. विज्ञानाच्या दोन शिक्षकांना सांगून पाहिलं, त्यांनी माझ्याच तब्येतीची चौकशी केली. पुढचं तर त्यांनाही सांगितलं नाही.

शेजारच्या बायकांनी आईला नीट निजवलं, अंगावर पांढरी चादर घातली. आणि चादर उडायला लागली. एक कोपरा दाबला की दुसरा उडे. कपाळावरची बट भुरभुरायला लागली. सुनीतानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

उशाशी मेणबत्ती लावली, ती विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली. कुणीतरी म्हणालं, मिलिंद सर, तेवढा फॅन बंद करा. मी बटणापाशी जाऊन उभा राहिलो.

"विझू द्या मेणबत्ती," मी म्हणालो. "फॅन चालू राहू द्या."