चौथा वारस

खराडीतल्या त्या कंपनीत मी टेस्टर होतो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका शोधून पगार घेणारा माणूस. खुसपटं काढायचा माझा स्वभाव जन्मजात, त्यामुळे नोकरी मानवली होती.

एका वर्षी आमच्याकडे परदेशातल्या एका वृत्तवाहिनीचं काम आलं. त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष एकाच भानगडीत सापडले होते, आणि दोघेही आज-उद्या राजीनामा देणार अशी हवा होती. एक गेला तर दुसरा, दोघेही गेले तर सभापती, तेही अडकले तर आणखी कोणी, असा तिकडे कायद्याने ठरलेला क्रम असतो. बातमी फुटल्या क्षणी नव्या माणसाचा फोटो झळकला पाहिजे, अशी वाहिनीची घाई. त्यासाठी आम्ही कॉम्प्युटरवर एकाखाली एक चौकटी केल्या होत्या. प्रत्येक चौकटीत एक माणूस आणि शेजारी तीन बटणं: राजीनामा, अपात्र, मृत्यू. बटण दाबलं की ती चौकट करडी व्हायची आणि तिच्या खालची हिरवी. आमची दुपार ती त्यांची रात्र. तो देश झोपलेला असताना आम्ही मशीनचा चहा पीत त्यांची माणसं एकेक करून खाली उतरवत बसायचो.

खरी नावं अजून आली नव्हती. तोवर चाचणीसाठी घरच्यांची नावं घालायची, ही आमच्याकडची जुनी पद्धत. एकाने सासूला राष्ट्राध्यक्ष केलं, तेव्हा पेठेत वाढलेल्या आमच्या टीम लीड मॅडम म्हणाल्या, "अहो, त्यांना घरात एवढे अधिकार आहेत, ते कमी पडले का?"

मी आमच्या घराण्याचा क्रम घातला. आम्ही मूळचे धायरीचे, धायरी गाव होतं तेव्हापासूनचे. जत्रेत देवाची मानाची काठी धरायचा मान आमच्या घराकडे. आधी आजोबा, मग थोरले काका, मग तात्या म्हणजे माझे वडील, आणि काकांना मूलबाळ नसल्यामुळे चौथा मी. धरणारा गेला की पुढच्याने धरायची. जिवंतपणी कोणी ती सोडल्याचं गावाला आठवत नव्हतं. मी फोटोसुद्धा घातले. तात्यांचा रेशनकार्डासाठी काढलेला होता.

तिन्ही बटणं क्रमाने तपासायची होती. आजोबांना राजीनामा, काकांना अपात्र. तात्यांच्या शेजारचं तिसरं बटण दाबल्यावर एक प्रश्न आला, 'खात्री आहे?' मी 'हो' म्हटलं. तात्या करडे झाले, मी हिरवा झालो. कागदावर 'चाचणी यशस्वी' असं लिहून मी डबा खायला गेलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरी आलो तर आजोबा पायरीवर बसलेले. देवळामागची जमीन आपल्या घरची आहे असं दाखवून काकांनी एका बिल्डरला कागद करून दिला होता. काका देवळाचे विश्वस्त. गावात बोभाटा झाला होता. आजोबा म्हणाले, "पोरानं देवाचं इकलं. आता कोन्या तोंडानं काठी धरू? म्या सोडली."

चार दिवसांनी देवळात बैठक बसली आणि काकांनी काठीला हात लावायचा नाही असं ठरलं.

तो क्रम माझ्या चाचणीतलाच होता. राजीनामा, अपात्र. मी इंजिनिअर होतो. योगायोग कशाला म्हणतात ते मला शिकवलेलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मॅडमना विचारलं, "मॅडम, मृत्यू दाबलेला माणूस परत आणायची काही सोय आहे का?"

"क्लायंटने मागितलेली नाही," त्या म्हणाल्या.

मी चारही नावं पुसून टाकली. सकाळी येऊन पाहतो तर कोणीतरी कालचा सगळा डेटा जसाच्या तसा परत चढवलेला. तीन करडे चेहरे आणि खाली हिरव्या चौकटीत मी. मी पुन्हा पुसले. पुन्हा आले. तिसऱ्यांदा पुसायची माझी छाती झाली नाही.

इकडे तात्या हरखून गेले होते. धाकटा म्हणून जन्मभर त्यांनी काठी कलू नये म्हणून बांधलेला मागचा दोर धरलेला, आता काठीच हातात येणार होती. भावाच्या बदनामीचं दुःख होतं, पण आनंद काही लपत नव्हता. एका रविवारी भर दुपारी ते गच्चीवर लांबलचक बांबू तोलायचा सराव करत होते. मी वर गेलो. ते वळले, आणि त्यांचा चेहरा करडा होता. केस, भुवया, ओठ, सगळं करडं. अगदी त्या चौकटीतल्या फोटोसारखं. शेजारच्या साइटवरून सिमेंटची धूळ उडत होती आणि ती त्यांच्या अंगावर बसली होती, एवढंच. ते दम खात हसले.

"तात्या, यंदा तुम्ही काठी धरू नका. मी धरतो."

"का रं? माज्यात काय खोट हाय?"

खरं सांगितलं असतं तर ते हसले असते आणि काठी धरलीच असती. मला ते नको होतं. त्यांनी आपणहून सोडायला हवी होती, म्हणजे मृत्यूच्या जागी राजीनामा झाला असता. मी म्हणालो, "लोक म्हणतात, काकांचा कागद तुम्हालाही ठाऊक होता."

असं कोणीही म्हणत नव्हतं. तात्यांनी बांबू भिंतीला टेकवला.

"आन तू? तू बी त्येच म्हनतोस?"

मी गप्प राहिलो. ती गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते. दुसऱ्या दिवशी ते स्वतः देवळात जाऊन सांगून आले, की काठी पोरगा धरेल.

परदेशात शेवटी कोणीच राजीनामा दिला नाही. काम गुंडाळलं गेलं. तात्या पुढे पुष्कळ वर्षं जगले. मी त्यांना वाचवलं, की वाचवण्यासारखं काही नव्हतंच, हे मला कधीच कळणार नाही. त्यांना काही सांगायचं माझं धाडसही झालं नाही.

जत्रेच्या दिवशी काठी उभी राहिली की अख्खं गाव रांगेने येऊन ती धरणाऱ्याच्या पाया पडतं. तिथे वय बघत नाहीत, कारण तेवढा वेळ तो माणूस देवाचा. हात मात्र काठीवरून काढायचे नाहीत. त्या वर्षी आजोबा आले, वाकले, गेले. काका आलेच नाहीत. मग नवं धोतर नेसलेले तात्या माझ्यासमोर आले आणि खाली वाकले. त्यांना उचलावं म्हणून जीव तुटत होता, पण माझे दोन्ही हात काठीवर होते. त्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकवलं आणि तिथूनच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "देवाशपत सांगतो, मला त्यो कागद ठाव नव्हता."

मग ते उठले आणि मागच्या माणसाला वाट देत बाजूला झाले.