देव पाण्यात

मुलीच्या बारावीच्या निकालासाठी मी देव पाण्यात ठेवले होते. म्हणायची गोष्ट नाही, खरोखरचे ठेवले होते. आमच्याकडे पंचायतनाची पूजा, म्हणजे पाच देव आणि पाचही दगडाचे. मनातले होईपर्यंत त्यांना पाण्याबाहेर काढायचे नाही, ही सासरची रीत. पण अकोल्याच्या मे महिन्यात तांब्याच्या घंगाळातले पाणी अकरा वाजताच चहाला चढवल्यासारखे तापायचे. घरात गार पाणी एकाच ठिकाणी होते, मुलीच्या ॲक्सोलॉटलच्या काचेच्या टाकीत.

हा प्राणी तिने अमरावतीहून आणलेला. वीतभर लांब, गुलाबी, चार पायांचा, मानेच्या दोन्ही बाजूंना तुरे. जन्मभर पाण्यातच राहतो. आमचे हे त्याला ‘पाण्यातली पाल’ म्हणत. त्याला उन्हाळा सोसत नाही म्हणून मुलगी बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडायची. देव उकडून निघाले आणि पालीचा हा थाट! त्या रागातच, ती आंघोळीला गेल्यावर, मी पाचही देव टाकीत ठेवून दिले.

चार देव मोठे होते. गणपतीचा लाल दगड तेवढा बोराएवढा. मी हात जोडून डोळे मिटले, उघडले, आणि माझ्यादेखत त्या मेल्याने तोंड वासून गणपती गिळला. वर पुन्हा चेहऱ्यावर ते कायमचे हसू.

मी डोक्यात राख घालून घेतली. टाकीत हात घातला आणि त्याला मुठीत धरून बाहेर काढले. पोटातला दगड बोटाला लागत होता. अंगठ्याने दाबत दाबत मी तो तोंडाकडे सरकवू लागले. प्राणी तडफडला, आणि त्याचा एक तुरा माझ्या नखात तुटून आला.

मुलगी ओल्या केसांनी धावत आली. “आई, सोड त्याले! मरून जाईन तो!”

“देव गिळला त्यानं! चिरीन, पण काढीन!”

आणि मी ते उगाच बोलत नव्हते. चाकू ओट्यावर होता. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तिनेही पाहिले. दुसऱ्याच क्षणी तिचे दात माझ्या मनगटात रुतले. माझी मूठ सुटली, प्राणी टाकीत पडला आणि त्याच ओल्या हाताने मी तिच्या कानाखाली जाळ काढला. ती कपाटाच्या कोपऱ्यावर आपटली. भुवई फुटली, फरशीवर रक्त सांडले.

“काहून मारून राहिली पोरीले? येडी झाली का तू?” हे ओरडत आले. तिच्या भुवईवर पंचा दाबून धरत त्यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, पोट दाबू नका, काही ओढू नका, खायला घालू नका. गार पाण्याच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि वाट पाहा. एवढेच करायचे होते.

भुवईला तीन टाके पडले. डबा ताकाच्या भांड्याशेजारी ठेवला. मुलगी तासातासाला फ्रिज उघडून बघायची, मी जवळ आले की दार लावून टाकायची. दुसऱ्या दिवशी मीच विचारले, “जगंल का गं?”

“आता त्याच्यासाठी कोणाले पाण्यात ठेवशील?” ती म्हणाली.

फ्रिजला डोके टेकून मी रडले, तेव्हा ती खोलीत निघून गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दगड डब्याच्या तळाशी पडलेला होता. निकालही चांगला लागला. देव धुऊन पुसून देव्हाऱ्यात गेले. पावसाळा सरेपर्यंत त्या प्राण्याचा तुरासुद्धा पुन्हा उगवला. त्यांच्या जातीत तसे होते म्हणे.

मुलगी आता कॉलेजला जाताना रोज देवापुढे येऊन उभी राहते. मी तिला कुंकू लावायला हात उचलते. ती डोळे गच्च मिटून मान मागे घेते.